गंजलेल्या एमएक्स-५ पासून एक्सोसेट: घरच्या गॅरेजात बांधलेल्या किट कारचा रिव्ह्यू

सरळ सांगतो, वेल्डिंग येत नाही, लिफ्ट नाही, घराला चिकटून एका गाडीचं अरुंद गॅरेज आहे आणि तरीही स्वतःच्या हाताने बांधलेली गाडी रस्त्यावर आणायचीय, अशा माणसाने एक्सोसेटचं किट घ्यावं. मी इंग्लंडात मिडलंड्सकडे राहतो, इकडे किट कारचे प्रकार भरपूर आहेत, बरेच बघून झाल्यावर हे घेतलं आणि आता गाडी नंबर प्लेट लावून फिरतेय. मराठीत याबद्दल कुठेच नीट वाचायला मिळालं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांना किट कार म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कंपनी तुम्हाला चेसिस आणि बाहेरचे पॅनेल देते, बाकी इंजिन, गिअरबॉक्स, डिफ (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल), सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक सगळं एका जुन्या गाडीतून काढायचं, त्या गाडीला डोनर म्हणतात. इकडे ही परंपरा जुनी आहे, १९५७ ला लोटस सेव्हन आली ती किट म्हणूनही मिळायची, कारण तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा आणि सुट्या भागांवर नाही. १९७३ ला तो टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ती पळवाट बंद झाली, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले. पैसे वाचवायचं मूळ कारण गेलं पण घरी गाडी बांधायचं वेड काही गेलं नाही, आजही वॉरिकशरमधल्या स्टोनलेला मे महिन्याच्या सुट्टीत किट कारचा मेळा भरतो, तिथे एकदा जाऊन याच, शंभर व्हिडिओ बघून कळत नाही ते तिथल्या एखाद्या आजोबांशी अर्धा तास बोलून कळतं.

तर एक्सोसेट. स्टुअर्ट मिल्स यांच्या एमईव्ही कंपनीचं हे डिझाइन, २०१० च्या सुमाराचं, नंतर अमेरिकेतही एक्सोमोटिव्ह नावाची कंपनी हे किट विकायला लागली. डोनर एकच, माझदा एमएक्स-५ ही दोन सीटची, उघडी होणारी छोटी स्पोर्ट्स कार. डिझाइनमधली खरी हुशारी अशी की एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत एक ॲल्युमिनियमची लांब फ्रेम असते, तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. पुढचा सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट), इंजिन, गिअरबॉक्स, ती फ्रेम, डिफ, मागचा सबफ्रेम हे सगळं एकमेकांना जोडलेलं राहतं, म्हणजे बॉडी वरून उचलून घेतली की खाली चाकांवर उभी असलेली अख्खी यंत्रणा तशीच राहते. त्यावर एक्सोसेटची पाइपची चेसिस आणून ठेवायची आणि ज्या जागी आधी बॉडी बोल्ट केली होती त्याच जागी ही बोल्ट करायची. संपलं.

दुसऱ्या किटमध्ये तुम्ही इंजिन एकीकडे, डिफ दुसरीकडे, विशबोन (चाक धरणारे सस्पेन्शनचे हात) तिसरीकडे असं सगळं सुटं करता आणि मग इंजिनचा अँगल, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, स्टिअरिंगची जिऑमेट्री हे पुन्हा जमवत बसता, तिथेच घरच्या गॅरेजात अर्ध्यावर सोडलेली प्रोजेक्ट पडून राहतात. इथे माझदाच्या इंजिनिअर लोकांनी चारही चाकांना जे डबल विशबोन बसवलेत ते जसेच्या तसे मिळतात. मला तरी हेच या किटचं सगळ्यात मोठं मोल वाटतं.

कोल्हापूरला बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, त्यांचं सगळं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलंय, त्यामुळे त्यांना ‘गाडी बांधतोय’ वगैरे सांगून उपयोग नव्हता, ते थेट मुद्द्यावर आले. “इंजिन उतरवायचंच नाही?” म्हटलं, “नाही बाबा, तुम्ही बघा की, नुसती बॉडी उचलायची.” बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाले, “मग ज्यानं हे काढलंय त्यानं स्वतः पाने चालवलेत रे.” याच्यापेक्षा चांगला रिव्ह्यू मला लिहिता येणार नाही.

आता डोनर. सगळे लोक किटच्या किमतीबद्दल विचारतात पण माझं स्पष्ट मत आहे की तुमची गाडी कशी होणार हे डोनर निवडतानाच ठरतं. माझं किट पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ साठीचं आहे, पहिली १९८९ ची, दुसरी १९९८ ते २००५. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि या गाड्यांच्या कापडी छताचं पाणी जायची भोकं पाल्याने तुंबतात, मग पाणी दाराखालच्या सिलमध्ये साचतं, सिल आणि मागच्या चाकावरची कमान आतून सडते, गाडी एमओटीला, म्हणजे इकडच्या दरवर्षीच्या तपासणीला, नापास होते. इंजिन मात्र ठणठणीत. म्हणजे गाडी स्वस्तात मिळते ती बॉडी सडली म्हणून, आणि आपल्याला नको असते ती नेमकी बॉडीच! म्हणून डोनर बघायला जाल तेव्हा सिलकडे बघूसुद्धा नका, खाली झोपा आणि सबफ्रेम बघा, विशबोनचे बोल्ट बघा, ऑइल कुठून गळतंय बघा, सगळे गिअर टाकून चालवून बघा. चालू गाडीच घ्या. सुटे पार्ट गोळा करून बांधायच्या भानगडीत पडू नका, कारण एक ब्रॅकेट, एक सेन्सर, एक स्पेशल बोल्ट असं प्रत्येक वेळी अडतं आणि अख्खी गाडी दारात असली की ते सगळं आपोआप हाताशी असतं. शिवाय एकाच गाडीचे पार्ट असणं रजिस्ट्रेशनलाही लागतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

मी १.८ लिटरवाली दुसऱ्या पिढीतली घेतली. मूळ गाडी हजार किलोच्या आसपास आणि इंजिन १४० हॉर्सपॉवरच्या घरातलं, एक्सोसेट झाल्यावर वजन सातशेच्या आसपास येतं, बाकी हिशोब तुम्हीच करा.

डोनर गाडी सुटी करायचं काम वाटतं तितकं अवघड नाही पण गंज वेळ खातो. मागच्या खालच्या विशबोनचे लांब बोल्ट, ज्यांनी अलाइनमेंट करतात, ते बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर गंज सुटायचं ऑइल मारायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, तरीही काही सुटत नाहीत, मग कापायचे आणि नवीन घालायचे, त्याचं वाईट वाटून घेऊ नये, नवीन बोल्ट आणि बुश मिळतात. बॉडी उचलायच्या आधी स्टिअरिंगचा जॉइंट, ब्रेकचे पाइप, पेट्रोलचे पाइप, हँडब्रेकची केबल, क्लचची लाइन आणि वायरिंग सुटलंय ना हे दोनदा तपासा. दारं, बॉनेट, डिकी, सीट, काच सगळं काढलं की उरलेलं शेल चार-पाच माणसांत उचलता येतं. आमच्या गल्लीतले शेजारी आले, पोहे आणि चहा झाला, शेल बाजूला गेलं.

वायरिंग हा या बांधणीतला सगळ्यात संयमाचा भाग, त्यावर जास्त लिहितो. डोनरचं अख्खं वायरिंग वापरायचं असतं, इंजिनचा कॉम्प्युटर, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), मीटर सगळं तेच. पण त्यात पॉवर विंडो, रेडिओ, दारातले दिवे, एअरबॅग अशा वायरी असतात ज्यांची आता गरज नाही. बरेच लोक लगेच कात्री घेऊन बसतात. तसं करू नका. काढतानाच प्रत्येक कनेक्टरला मास्किंग टेप लावून त्यावर नाव लिहा, सगळं वायरिंग जमिनीवर पसरून ठेवा, आधी इंजिन चालू करा, दिवे चालू करा, मीटर चालू करा, आणि सगळं चालतंय म्हटल्यावर मगच एकेक नको असलेली वायर मुळापर्यंत शोधून काढा. इमोबिलायझर आणि चावी एकाच डोनरचे असले पाहिजेत, नाहीतर इंजिन चालू होणार नाही. एका सेकंडहँड पार्टवाल्याने मला दुसऱ्याच गाडीचा कॉम्प्युटर ‘चालेल की’ म्हणून पाठवला होता, तो परत केला आणि मूळचाच वापरला, दुकानाचं नाव लिहीत नाही.

स्प्रिंगबद्दल एक गोष्ट आधीच ठरवून टाका. मूळ स्प्रिंग हजार किलोच्या गाडीसाठी आहेत, वजन कमी झालं की गाडी उंच उभी राहते आणि ताठ चालते. सुरुवातीला तेच ठेवून चालवता येतं पण शेवटी ॲडजस्ट होणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र) घालावेच लागतात, तर बजेट तिथेच धरा. ब्रेक मूळचेच ठेवलेत, एवढ्या हलक्या गाडीला ते भरपूर होतात, फक्त कॅलिपर उघडून नवीन सील घातले आणि स्टीलचे पाइप फेकून कॉपर-निकेलचे नवीन केले.

मग आयव्हीए. पूर्ण नाव इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल, २००९ पासून एसव्हीए नावाच्या जुन्या टेस्टच्या जागी आलेली सरकारी टेस्ट, डीव्हीएसए हे गाड्या तपासणारं सरकारी खातं घेते. लोक घाबरतात, मला मात्र ही टेस्ट फार आवडली, कारण तुमची गाडी एखाद्या अनोळखी माणसाने पूर्ण दिवसभर बारकाईने तपासणं ही मिळणारी गोष्ट नाही. १०० मिलिमीटरचा गोळा बाहेरच्या भागावर फिरवतात आणि तो जिथे जिथे टेकेल तिथली कड किमान २.५ मिलिमीटर गोलाईची पाहिजे, म्हणजे रस्त्यावर कुणाला धक्का लागला तर कापू नये. एक्सोसेटला बाहेरून पाइप आणि सस्पेन्शन उघडं दिसतं त्यामुळे सगळ्या नटबोल्टना प्लास्टिकच्या टोप्या आणि पत्र्याच्या कडांना रबरी पट्टी लागते. मागचा फॉग लाइट, आरसे, बेल्टचे अँकर, स्पीडोमीटरचा अचूकपणा, आवाज, धूर, आणि वळणातून बाहेर येताना स्टिअरिंग सोडलं की ते आपोआप सरळ व्हायला बघतं का, हे सगळं बघतात. गाडी तुम्हीच बांधलीय हे दाखवायला फोटो आणि बिलं लागतात, म्हणून पहिल्या बोल्टपासून फोटो काढत राहा.

टेस्ट पास झाली की डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं. नवीन चेसिस आणि एकाच डोनरचे दोन मोठे भाग असतील तर डोनरच्या वयाप्रमाणे नंबर मिळतो, पुरेसे भाग एकाचे नसतील किंवा कागद नसतील तर क्यू प्लेट येते, म्हणजे गाडीचं वय नक्की नाही असं सांगणारा क्यूने सुरू होणारा नंबर.

आपल्याकडे असं का नाही हा प्रश्न मला मित्र नेहमी विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळा बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि घरी बांधलेली एक गाडी तपासून पास करणारी आयव्हीएसारखी सोपी वाट सामान्य माणसाला नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हात आपल्याकडे कमी नाहीत. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर इसुझूच्या १.८ इंजिनवर बनवली, गोव्यात सॅन स्टॉर्म बनली फायबरच्या बॉडीची आणि रेनोच्या इंजिनची. उद्यमनगरातला कुठलाही चांगला फिटर एक्सोसेट डोळे झाकून उभी करेल.

चालवायला कशी? दार नाही, छत नाही, पाऊस आला की तुम्ही भिजता, मोटरवेवर हेल्मेट किंवा गॉगल घालावा लागतो, सामान ठेवायला जागा नावालाच. रोज ऑफिसला न्यायची गाडी नाहीच ही, लहान मुलं असतील आणि घरात एकच गाडी परवडत असेल तर घेऊ नका. पण पीक डिस्ट्रिक्टच्या वळणांच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की पुढचं चाक वरखाली होताना डोळ्यांसमोर दिसतं, स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खड्डा हाताला कळतो, आणि तो प्रत्येक बोल्ट कुणी किती टॉर्कने आवळलाय हे तुम्हाला माहीत असतं. मी पाचपैकी पावणेपाच देतो, पाव गुण कापला तो कॉइलओव्हर वेगळे घ्यावे लागतात म्हणून.

शेवटचं, खर्चाचं. डोनरची दारं, सीट, कापडी छत, बॉनेट, दिवे विकून टाका, एमएक्स-५ वाले लोक हे सगळं शोधत असतात आणि हार्डटॉप (काढता येणारं टणक छत) मिळालं असेल तर तेवढ्यातच डोनरच्या किमतीचा बराच भाग वसूल होतो. शेल भंगारात जाऊ दे, पण गाडीचं लॉगबुक त्याच्याबरोबर कुणालाही देऊ नका, रजिस्ट्रेशनला तेच दाखवावं लागतं.