हाडांच्या पॅकेजमधलं युरिक अ‍ॅसिड : नौपाड्यातल्या एका लॅबची तपासणी

पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी ठाण्याच्या नौपाड्यातली एक लॅब हाडांच्या तपासणीचं पॅकेज देते. त्यात मणक्याचा आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे), कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची तपासणी) आणि युरिक अ‍ॅसिड एवढं येतं. डेक्साचे पैसे वसूल होतात. युरिक अ‍ॅसिड मात्र पत्रकात ज्या कारणासाठी घातलंय, ते कारण आम्हाला मान्य नाही.

'युरिक अ‍ॅसिड भरपूर, तर हाडं घट्ट' असा त्या पत्रकाचा सूर आहे. याला थोडा आधार आहे. सिडनीत सत्तरीपुढच्या १७०५ पुरुषांची पाहणी झाली आणि २०११ मध्ये तिचे निष्कर्ष आले. रक्तात युरिक अ‍ॅसिड जास्त असलेल्यांची हाडांची घनताही जास्त निघाली. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडते असं नाही. वजन, स्नायू, किडनीचं काम यांचा दोन्हींवर परिणाम होतो. जनुकांमुळे ज्यांचं युरिक अ‍ॅसिड जन्मतःच जास्त असतं, त्यांची हाडं त्यापायी अधिक घट्ट असल्याचं आढळलेलं नाही. म्हणून हा आकडा हाडांची मोजपट्टी होऊ शकत नाही. पत्रक वाचून कुणी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट ही युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी बंद केली, तर गाऊट (सांधे सुजून ठणकण्याचा आजार) उसळेल आणि हाडांना फायदा काहीच नाही. रक्तातलं प्रमाण डेसिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की सांध्यात त्याचे स्फटिक साचू शकतात. गाऊटच्या रुग्णाला ते ६ च्या खाली ठेवावं लागतं.

तरीही आकडा घ्यायचाच असेल, तर नीट घ्या. आदल्या रात्री मटण-बिअर नको, पाणी पुरेसं प्या. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसामुळे नेहमीच्या एन्झाइम पद्धतीत आकडा खोटाच कमी येऊ शकतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तो वाढतो. गाऊटच्या ऐन झटक्यात तो नॉर्मलही येतो, तेव्हा झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा.

घरी येऊन रक्त घेण्याची सोय चांगली आहे, मात्र घोडबंदर रोडच्या रहदारीत नमुना तासन्‌तास डब्यात राहिला, तर पेशींमधून फॉस्फरस बाहेर झिरपतो आणि रिपोर्टमध्ये उगाच वाढलेला दिसतो. शक्यतो लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या.

डेक्साच्या रिपोर्टची चित्रं मागून घ्याच. नुसत्या सारांशाच्या पानावर भागत नाही. टी-स्कोअर (तरुणांच्या सरासरी घनतेशी केलेली तुलना) उणे १ किंवा त्याहून वर असेल तर ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे असेल तर घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. हा निकष पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी आहे, त्याआधी झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघतात. साठीपुढे मणक्यांना हाडाची टोकं फुटलेली असतात, त्यांच्यामुळे कंबरेचा आकडा फुगतो आणि झीज झाकली जाते. खराब मणके वगळून निदान दोन तरी मणके मोजायला हवेत, नाहीतर खुब्याच्या आकड्यावर विसंबा. कॅल्शियमची गोळी चोवीस तास आधी थांबवा, कारण पोटात न विरघळलेली गोळी मणक्यावर दिसते. पुढचा स्कॅन त्याच मशीनवर करा. दुसऱ्या मशीनवरच्या आकड्याशी केलेली तुलना भरवशाची नसते. काही ठिकाणी टाचेचा अल्ट्रासाऊंड 'हाडांची तपासणी' म्हणून विकतात, तो डेक्साची जागा घेत नाही.

पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉन नाही, आणि ही उणीव मोठी आहे. ते कमी असणं हे पुरुषांची हाडं ठिसूळ होण्याचं एक नेहमीचं कारण. स्कॅनमध्ये घनता कमी आली, तर सकाळी दहाच्या आत उपाशीपोटी ते वेगळं करून घ्या, सोबत पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन). केसांसाठी बायोटिन घेत असाल तर काही पद्धतींत पीटीएच खोटंच कमी दिसतं, म्हणून बायोटिन दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा.

डेक्सा, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन सुटं करून मिळत असेल, तर पॅकेज घेऊ नका.