सियागंजातली सुटी गुडमार पावडर

इंदूरच्या सियागंजात सुटी मिळणारी गुडमार म्हणजे आपला बेडकीपाला, मधुमेहावर घेतात तो. पारख सोपी: पाव चमचा जिभेवर मिनिटभर घोळवा, चूळ भरा, मग साखर चाखा. पाल्यातली जिम्नेमिक आम्लं गोडाची चव दाबतात; साखर वाळूसारखी लागली तर माल खरा. नुसतं कडू लागून साखर गोडच राहिली, तर पाला जुना किंवा भलताच. इथला उतरला खरा, पण काड्या फार आणि दळण जाड. गुठळ्या दिसल्या तर ओल धरलीय, घेऊ नका.

‘मधुमेहाच्या गोळ्या सुटतील’ हे दुकानदाराचं पालुपद ऐकून सोडून द्यावं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाचं मूळही गॅलेगा वनस्पतीतच, पण गोळीत मात्रा मोजलेली असते. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना ही पावडर घेतली तर रक्तातली साखर फार उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारा, घरात ग्लुकोमीटर ठेवा.