घसा आणि गुटी: ज्येष्ठमध घ्यावं की वेखंड?

काष्ठौषधींच्या दुकानात दोन्ही शेजारी मिळतात, बाळगुटीच्या सहाणेवरही दोन्ही उगाळली जातात. म्हणून एकाच्या ऐवजी दुसरं चालेल असं वाटतं. तसं नाही.

घसा बसला असेल, कोरडा खोकला असेल तर ज्येष्ठमध. काडी चघळली की गोड, चिकट रस घशाला लागून खवखव कमी होते. गायक ती जवळ बाळगतात ते त्यासाठीच. वेखंड तिखट, कडवट आणि उग्र वासाचं. आयुर्वेदात ते वाणी आणि बुद्धीसाठी सांगितलंय, पण जास्त मात्रेत ते वांती करवतं, हेही तिथेच सांगितलंय.

ज्येष्ठमधाचा धोका त्याच्या गोडव्यातच आहे. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. मग रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते, स्नायू गळून जातात, हृदयाचे ठोकेही अनियमित होऊ शकतात. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने ग्लिसिरायझिनची रोजची मर्यादा 100 मिलिग्रॅम धरली आहे. रोज काढा पिणाऱ्याला आपल्या कपात ते किती उतरलं हे कळायला मार्ग नाही. दोन-चार दिवस काडी चघळणं वेगळं, महिनोन्‌महिने काढा घेणं वेगळं. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल, तर ते टाळाच. गरोदरपणीही नको.

वेखंडाची मला जास्त धास्ती वाटते. त्याच्या तेलातल्या बीटा-असारोनमुळे उंदरांमध्ये कर्करोगाच्या गाठी आढळल्या, आणि अमेरिकेने 1968 मध्ये ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. आपल्याकडच्या वेखंडात हा घटक बऱ्याचदा भरपूर असतो. गुटीत आजी अंदाजाने दोन वेढे देते. सहाणेवर किती उतरलं हे कोण मोजणार? इवल्या बाळाला त्याने उलट्यांचा त्रास होऊ शकतो. टाळूला लावायची कोरडी पूडही उडून श्वासात जाते.

तेव्हा धडधाकट मोठ्या माणसाच्या घशासाठी थोडे दिवस ज्येष्ठमध घ्यायला हरकत नाही. वेखंड पोटात घ्यायचंच असेल तर वैद्यांनी शोधन (औषधाची शुद्धी) करून, मात्रा ठरवून दिलेलंच घ्यावं. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र दोन्ही नकोत, फक्त आईचं दूध. आजीला वाईट वाटेल, तरी हे तिला समजावून सांगा. आणि बाळ सारखं ओकत असेल किंवा मलूल पडलं असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट डॉक्टरकडे न्या.