सापापासून लांब राहून जवळचा फोटो: कॅननची १००-४०० लेन्स

सापांचे फोटो काढायचे म्हटलं की मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून छोट्या गोष्टी मोठ्या दाखवणारी लेन्स घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. माझं मत वेगळं आहे. कॅननची ईएफ १००-४०० मिमी एफ/४.५-५.६ एल आयएस २ यूएसएम ही २०१४ साली आलेली टेलिझूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स (१०० मिमीला दृश्य रुंद, ४०० ला सगळ्यात जवळ) मी कित्येक वर्षं जवळजवळ फक्त सापांसाठी वापरते आहे. लोकांना साप समजावून सांगायचा असेल, तर तिच्याइतकी उपयोगी लेन्स माझ्या हातात दुसरी आलेली नाही. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांनी तिच्याबद्दल भरपूर लिहून ठेवलं आहे, त्यामुळे इथे फक्त सापांपुरतं बोलते.

मी शाळांमध्ये आणि शेतकऱ्यांपुढे सापांवर व्याख्यानं देते. पडद्यावर पहिला फोटो आला की सभागृहाचा नूर ठरून जातो. फणा काढलेला नाग किंवा तोंड वासलेली घोणस दाखवली, की पुढे मी कितीही जीव तोडून बोलले तरी भीतीच घरी जाते. नाग मानेजवळच्या बरगड्या फाकवून फणा काढतो तो स्वतःला वाचवायला. अशा फोटोत बहुतेक वेळा दिसतो तो डिवचलेला नाग, आणि डिवचणारा असतो चौकटीबाहेरचा फोटोग्राफर. दुसऱ्या टोकाचे फोटोही मी दाखवत नाही. साप हातात धरलेला, गळ्यात घातलेला एकही फोटो माझ्या व्याख्यानात नसतो, कारण तो पाहून पोरं साप धरायला जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५४ लाख लोकांना सर्पदंश होतो आणि ८१,००० ते १,३८,००० माणसं दगावतात. ज्यांच्या घरात असा मृत्यू झाला आहे त्यांच्यापुढे उभं राहून ‘साप निरुपद्रवी असतो’ असं मी म्हणू शकत नाही. साप कसा जगतो आणि त्याच्यापासून किती लांब राहायचं, हे मात्र दाखवू शकते. त्यासाठी मला हवा असतो आपल्या उद्योगात असलेला साप: बिळाच्या तोंडाशी पडलेला, जीभ बाहेर काढून हवेतला वास टिपणारा, माझी दखलही न घेतलेला. तो मिळायचा तर मी लांब असायला हवी. सगळा मामला अंतराचा आहे.

या लेन्सचं खरं मोल इथेच कळतं. १९९८ सालच्या पहिल्या आवृत्तीला फोकससाठी किमान १.८ मीटर अंतर लागायचं. हिला ९८ सेंटिमीटर पुरतात. एवढ्या जवळून ४०० मिमीला सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, खऱ्या आकाराच्या ०.३१ पट प्रतिमा मिळते, म्हणजे फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर साधारण साडेअकरा सेंटिमीटर रुंदीचा भाग चौकट भरून येतो. दिवडाचं डोकं, मानेचा बाक आणि बाहेर आलेली जीभ त्यात आरामात मावतात. १०० मिमीची मॅक्रो याहून मोठी, अगदी एकास एक प्रतिमा देते हे खरं, पण त्यासाठी लेन्सचं तोंड सापापासून वीतभराच्याही आत न्यावं लागतं. तेवढ्या जवळ गेल्यावर साप साप राहत नाही, नुसती घाबरगुंडी उरते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. हे ९८ सेंटिमीटर लेन्सच्या काचेपासून नाही, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या माथ्यावर गोलाला छेदणारी रेघ कोरलेली असते, ती सेन्सरची जागा. ४०० मिमीला लेन्सची नळी पूर्ण बाहेर येते आणि वर हूड, म्हणजे आडवा उजेड अडवणारं नळकांडं लावलं, की हुडाच्या कडेपासून सापापर्यंत दोन फूट अंतर काही उरत नाही. विनविषारी दिवडासाठी ठीक आहे. घोणस, नाग, मण्यार, फुरसे यांच्यासाठी अजिबात नाही. साप आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत झेप घेतो असं ढोबळमानाने सांगतात, पण असल्या हिशेबावर जीव टांगू नये. विषारी सापाला मी निदान अडीच मीटर अंतर देते, आणि झूमचा उपयोग तेव्हाच होतो. २०० मिमीला घोणसेचं वेटोळं पूर्ण बसतं, ४०० ला डोकं आणि मान. दोन्ही फोटो एकाच जागेवरून, पाय न हलवता.

अडीच मीटरवरून तपशील पुरेसा येतो का, असं मला नेहमी विचारतात. येतो. माझ्या व्याख्यानात विषारी मण्यार आणि तिच्यासारखाच दिसणारा विनविषारी कवड्या यांचे पाठीचे फोटो शेजारी शेजारी असतात. मण्यारीच्या कण्यावरची खवल्यांची मधली ओळ बाजूच्या ओळींपेक्षा मोठी आणि षटकोनी असते, कवड्याची तशी नसते. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे मानेकडून शेपटीकडे फिकट. लांबून काढलेल्या फोटोत हे पडद्यावर बोट ठेवून दाखवता येतं, आणि कवड्याला मण्यार समजून मारणाऱ्यांचा हात थांबतो. (घरात निघालेला साप ओळखायचा खटाटोप तुम्ही करू नका. लांब राहा आणि जाणकाराला बोलवा.)

धामणीच्या डोळ्याचा एक फोटो मी मुद्दाम पडदाभर दाखवते. एका व्याख्यानानंतर एक आजी त्या फोटोपाशी आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बाई, याला पापण्याच नाहीत?” मी सांगितलं, नाहीत. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही कातीबरोबर निघतो. “मग तो रोखून बघतो असं वाटतं ते हेच होय,” त्या म्हणाल्या. फोटोकडून मला हेच हवं असतं. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झालेला साप दिसला तर मी कॅमेरा बाहेरही काढत नाही. त्याला धड दिसत नसतं आणि तो आधीच बेचैन असतो.

आता वापरातल्या बारीकसारीक गोष्टी. अगदी जवळच्या अंतरावर ४०० मिमीला लेन्सचं छिद्र लहान करून एफ/८ ठेवलं तरी (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) जेमतेम सहा-सात मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. त्यामुळे डोकं सेन्सरला समांतर येईल असं बाजूने बसावं आणि फोकस डोळ्यावर ठेवावा. समोरून काढलात तर डोळा धारदार आणि नाकपुडी धूसर, किंवा उलट. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारं एक बटण आहे. ते ३ मीटर ते अनंत या जागी असेल तर जवळचा साप फोकसमध्ये येणारच नाही, म्हणून निघण्यापूर्वीच ते ‘फुल’वर सरकवून ठेवायचं. साप जमिनीवर असल्याने लेन्स बहुतेक वेळा खाली रोखलेली असते आणि वजनाने नळी आपोआप घसरू शकते. झूमच्या कड्याशेजारी घट्ट-सैल करायचं वेगळं कडं दिलं आहे, ते आवळलं की काम होतं.

मला सगळ्यात आवडतं ते हुडातलं छोटं खिडकीवजा झाकण. ते सरकवून हूड न काढता बोटाने पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर फिरवता येतो. ओल्या खवल्यांवर आकाशाचं पांढरट प्रतिबिंब पडतं आणि खालची नक्षी पुसली जाते. फिल्टर हळूहळू फिरवला की ती चकाकी विरते आणि घोणसेच्या पाठीवरचे काळ्या कडांचे तपकिरी ठिपके एकेक करून वर येतात. नक्षी खरी दिसली नाही तर ओळख शिकवणार कशी? फिल्टर थोडा प्रकाश खातो, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

प्रकाश हीच या लेन्सची दुखरी बाजू. ४०० मिमीला छिद्र जास्तीत जास्त एफ/५.६ एवढंच उघडतं, म्हणजे दाट झाडीत अंधारच. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून कंपनी चार स्टॉपचं स्थिरीकरण सांगते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ शटर उघडं ठेवता येणं), आणि साप निश्चल पडून असतो तेव्हा ते खरोखर कामी येतं. हरणटोळ मात्र पानासारखा डोलत पुढे सरकतो, तिथे स्थिरीकरण काय करणार? आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. रात्रीच्या सापांसाठी ही माझी पहिली निवड नव्हे. वजन दीड किलोच्या वर आहे. पोटावर झोपून फोटो काढताना मी तिच्याखाली वाळूची छोटी उशी ठेवते, ट्रायपॉडपेक्षा तेच सोयीचं पडतं.

आणखी एक उणीव सांगायलाच हवी. लांब पल्ल्याची लेन्स पार्श्वभूमी विरघळवून टाकते. फोटो देखणा होतो, पण साप राहतो कुठे हे दिसत नाही. दगडांचा बांध, पालापाचोळा, ओढ्याचा काठ हे फोटोत नसेल, तर अधिवास वाचवा हे लोकांना कशाच्या आधारावर सांगायचं? १०० मिमीला मागे सरून एक फोटो मी घेतेच, पण खऱ्या वाइड अँगलची जागा तो घेत नाही. सोबत दुसरी लेन्स हवीच, किंवा साधा फोनही चालेल.

फोनवरून एक आठवलं. फोटोत जीपीएसची नोंद राहते, आणि दुर्मीळ सापाची नेमकी जागा साप पकडणाऱ्यांच्या हाती आयती पडते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींचं ठिकाण आपोआप ढोबळ केलं जातं, पण इतरत्र टाकण्याआधी ही नोंद आपणच काढून टाकायला हवी.

नवी मिररलेस (आत आरसा नसलेली) कॅमेरा बॉडी असेल तरी ही लेन्स अ‍ॅडॉप्टर, म्हणजे मधला जोड, लावून छान चालते, त्यामुळे वापरलेली घ्यायलाही हरकत नाही. घेताना नळी पूर्ण बाहेर काढून आत धूळ-वाळू घासल्याचा आवाज येतो का ते ऐका, घट्ट-सैल करायचं कडं धरतं का ते बघा आणि हूड मूळचं, खिडकीसकट आहे ना याची खात्री करा. मग एखादं नाणं समोर ठेवून ४०० मिमीला, एक मीटरवरून फोकस लावून पाहा. तिथे ती अडखळत असेल तर सापांसाठी घेऊ नका.