बरं वाटत होतं, पण बरं होत नव्हतं

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. उपचाराच्या नावाखाली फसवले गेले हे सांगायची लाज वाटत नव्हती. पण ते सांगायचं तर आधी माझ्या मनात काय येत होतं ते सांगावं लागतं, आणि तेवढा धीरच होत नव्हता.

बाळ सहा आठवड्यांचं असताना एका दुपारी मी त्याला अंघोळ घालत होते. एकदम मनात आलं, याला पाण्याखाली तसंच धरून ठेवलं तर? माझे हात थरथरायला लागले. बाळाला टॉवेलात गुंडाळून नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्या दिवसापासून एकटीने अंघोळ घालणं बंद केलं. मग घरातल्या सुऱ्या वरच्या कपाटात गेल्या. मग बाळाला घेऊन जिना उतरणं थांबलं. रात्री आठ-दहा वेळा उठून त्याचा श्वास बघायचा आणि झोपेत आपण काही केलं तर नाही ना, हे आठवत बसायचं. दिवसभर नवऱ्याच्या मागे एकच प्रश्न, "मी याला काही करणार नाही ना रे?" तो "नाही गं" म्हणाला की दहा मिनिटं बरं वाटायचं. ही दहा मिनिटं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

आधी मी एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. पदवी खरी, नोंदणी खरी, बाहेर बसायला जागा नाही इतकी गर्दी. आत पाच मिनिटं मिळाली. "मनात वाईट विचार येतात" एवढंच मी बोलू शकले. कसले विचार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. डिप्रेशनची गोळी लहान डोसमध्ये, झोपेसाठी क्लोनाझेपाम, महिन्याने या. याला मी फसवणूक म्हणणार नाही. पण 'डॉक्टरांना ऐकायला वेळच नसतो' ही तक्रार घेऊन मी तिथून निघाले, आणि ज्यांच्याकडे वेळच वेळ होता अशा बाईंच्या हाती लागले.

त्यांची जाहिरात मोबाइलवर दिसली. नावाआधी 'डॉ.', नावापुढे पाच-सहा आद्याक्षरांची रांग, आणि खाली 'नव्या आयांच्या मनासाठी'. पहिलं बोलणं फुकट होतं. व्हिडिओ कॉलवर त्या पाऊण तास ऐकत राहिल्या. पाण्याचा तो विचार मी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे उच्चारला. त्या दचकल्या नाहीत, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मी दिलं असतं. त्यांनी तीस सेशन्सचं पॅकेज मागितलं, सगळे पैसे आधी, 'म्हणजे मन मध्येच पळ काढणार नाही'. त्याच संध्याकाळी मी भरले. शिवाय सगळ्या पेशंट बायकांचा एक चॅट गट होता, त्यातही मला घेतलं.

तिसऱ्या सेशनला त्यांनी निदान सांगितलं. बाळाबद्दल माझ्या मनात दडपलेला राग आहे, तो विचारांच्या रूपाने बाहेर पडतोय, आणि तो कुठून आला ते शोधायचं. मग माझं लहानपण खणून झालं, आईशी असलेलं नातं झालं, आईच्या पोटातले नऊ महिने झाले, आणि शेवटी डोळे मिटून मागच्या जन्मात जाणंही झालं. मी घाबरलेली बाई, मला जे जे दाखवलं ते ते मी बघितलं. प्रत्येक सेशन संपताना मात्र त्या मायेने म्हणायच्या, "तू खूप चांगली आई आहेस. तुझ्या हातून असं होणं शक्यच नाही." मला हलकं हलकं वाटायचं. ते संध्याकाळपर्यंत टिकायचं. पुढे तासभर. पुढे तेवढंही नाही.

"कधीही मेसेज कर," त्या म्हणाल्या होत्या. मी दिवसाला वीस-तीस मेसेज करायला लागले. त्या आवाजी निरोप पाठवायच्या, 'काही होणार नाही, श्वास घे'. ते निरोप साठवून मी रात्री बाळाच्या पाळण्याजवळ बसून पुन्हा पुन्हा ऐकायचे. आपल्याला देवमाणूस भेटलं, असं मी बहिणीला सांगितल्याचं आठवतं. चौथ्या सेशननंतर त्यांनी चांगला अभिप्राय लिहायला सांगितला, तोही मी भरभरून लिहिला. तो वाचून कोण कोण तिकडे गेलं असेल, हा विचार आजही मला सोडत नाही.

मला जे झालं होतं त्याचं नाव ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. जुन्या पिढीच्या तोंडी याला मंत्रचळ असा शब्द होता, पण तो ऐकला की हात धूत राहणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. आजाराचं चक्र मात्र सगळीकडे एकच. नको असलेला विचार घुसतो, भीती उसळते, ती शमवायला माणूस काहीतरी करतो: हात धुतो, कुलूप तपासतो, किंवा माझ्यासारखा कुणाला तरी 'मी असं करणार नाही ना' विचारत राहतो. भीती थोडा वेळ उतरते, आणि मेंदू शिकतो की धोका खराच होता, विचारलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. म्हणजे धीर मागणं हाच आजाराचा भाग होता आणि बाई मला तोच धीर पॅकेजमध्ये विकत होत्या. जोडीला 'दडपलेला राग' हा शब्द देऊन माझ्या मुळावरच घाव घालत होत्या. आता मला खरंच वाटायला लागलं होतं की माझ्या आत कुठेतरी खुनी बाई बसली आहे.

नवव्या सेशनला त्यांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या. "गोळ्यांनी भावना बधिर होतात, आतलं काम होत नाही." मी दोन्ही गोळ्या एका रात्रीत सोडल्या. चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. "शरीर विष बाहेर टाकतंय," त्या म्हणाल्या. विष कसलं! या गोळ्या अशा तडकाफडकी सोडल्या की हा त्रास होतो, हे त्या लिहून देणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला माहीत असतं. क्लोनाझेपाम बरेच दिवस घेऊन एकदम थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. गोळ्या कमी करायच्या त्या टप्प्याटप्प्याने आणि लिहून देणाऱ्याला विचारूनच. ज्यांना गोळी लिहून द्यायचा अधिकार नाही त्यांनी ती बंद करायला सांगितली, तेव्हाच मी तिथून उठायला हवं होतं.

बाविसाव्या सेशनपर्यंत मी दोन महिने बाळाला एकटीने उचललं नव्हतं. एका रात्री मी नवऱ्याला म्हणाले, "मला दुसऱ्या खोलीत ठेव आणि बाहेरून कडी लाव." त्याने रात्रभर माझ्याजवळ बसून काढली आणि सकाळी मला दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं.

त्या डॉक्टर तासभर बोलल्या, आणि त्या तासात बराच वेळ त्यांनी नेमके प्रश्न विचारले. विचार आला की काय वाटतं, किळस, भीती, की तो बरोबर वाटतो? कुणाचे आवाज ऐकू येतात का? बाळाबद्दल काही विचित्र खात्री झाली आहे का? झोप नसताना अंगात उत्साह भरतो का? हे का विचारलं, तेही त्यांनी नंतर सांगितलं. बाळंतपणानंतर हजारात एक-दोन बायकांना सायकोसिस होतो. त्यात आईला आपल्या भ्रमाचं भान नसतं, बाळाला खरा धोका असू शकतो आणि ताबडतोब दाखल करावं लागतं. त्यातलं आणि माझ्यातलं अंतर तपासल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. बावीस सेशन्समध्ये बाईंनी यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. समजा मला सायकोसिस असता तर? बाई गर्भातल्या आठवणी काढत बसल्या असत्या. यावर मी अजून कधी कधी रात्री जागी राहते.

मग डॉक्टरांनी दहा प्रश्नांची एक मापनी भरून घेतली. येल-ब्राउन मापनी, १९८९ सालापासून ओसीडीसाठी जगभर वापरात आहे. ४० पैकी माझे २९ आले, म्हणजे तीव्र. आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मला पहिल्याच दिवशी कळायला हवी होती. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी ज्यांना कसलाही मानसिक आजार नाही अशा लोकांना असल्या नकोशा विचारांबद्दल विचारलं, तर जवळजवळ ८० टक्के लोकांनी 'येतात' म्हणून सांगितलं. विचार येतो आणि जातो. माझ्याकडे तो अडकत होता, कारण मी त्याला माझ्या चारित्र्याचा पुरावा मानत होते.

गोळी पुन्हा सुरू झाली, अंगावर पाजत असताना कोणती चालेल ते बघून. ओसीडीला डोस बहुधा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो आणि गुण यायला दहा-बारा आठवडे जाऊ शकतात, हेही आधीच सांगितलं. पहिल्या डॉक्टरांची गोळी चुकीची नव्हतीच. डोस अपुरा होता आणि त्यांनी मला काही समजावलं नव्हतं. सोबत त्यांनी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे गोळ्यांशिवाय मानसोपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवलं.

या दुसऱ्या मॅडम मला अजिबात आवडल्या नाहीत. पहिल्याच भेटीत त्यांनी उपचाराचं नाव सांगितलं, एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. भीतीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि ती शमवणारी कृती करायची नाही. या पद्धतीची सुरुवात व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन पेशंटवरच्या कामातून मांडली, म्हणजे हे काही नवीन नव्हे. साधारण सोळा सेशन्स लागतील, दर चौथ्या सेशनला मापनी पुन्हा भरू, आकडा उतरला नाही तर काय बदलायचं ते बोलू, असं सगळं ठरलं. पैसे दर भेटीचे त्या भेटीला. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "'काही होणार नाही' असं मी तुम्हाला एकदाही म्हणणार नाही." मी घरी येऊन रडले. ही बाई दगड आहे म्हणाले.

पहिल्या आठवड्यात सुरी कपाटातून टेबलावर आली, बाळ त्याच खोलीत. मग तो विचार कागदावर लिहून रोज मोठ्याने वाचायचा. मग नवरा दाराबाहेर उभा आणि मी बाळाला अंघोळ घालायची. मग तो घराबाहेर. नवऱ्यालाही त्यांनी शिकवलं. मी विचारलं की तो म्हणायचा, "हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही." किती भांडले मी त्याच्याशी! सुरुवातीचे पंधरा दिवस भीती इतकी वाढली की मी दोनदा सोडून द्यायला निघाले होते. पण मापनी भरली तेव्हा २९ चे २३ झाले होते. मग १६. सोळाव्या सेशनला ९. बाळ तोवर चालायला लागलं होतं.

मध्यंतरी या मॅडमनी आधीच्या उपचारांच्या नोंदी मागवल्या. बाईंचं उत्तर आलं की त्या नोंदी ठेवत नाहीत. उरलेल्या आठ सेशन्सचे पैसे 'उपचार मध्येच सोडल्यामुळे' परत मिळाले नाहीत. नावाआधीचं 'डॉ.' कुठल्याशा संस्थेने सन्मान म्हणून दिलेलं निघालं, पुढची आद्याक्षरं दोन-दोन दिवसांच्या कोर्सची. अनेक देशांत 'काउन्सेलर', 'कोच', 'हीलर' ही नावं कुणीही लावू शकतं, त्याला परवाना लागत नाही. म्हणून पदवी कोणती, नोंदणी कुठे आणि क्रमांक काय, हे विचाराच, आणि त्या नोंदणी संस्थेकडून पडताळून घ्या. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. माझ्या दुसऱ्या मॅडमनी मी विचारायच्या आधीच क्रमांक दिला होता.

पण पदवी पाहून निर्धास्त होऊ नका, हे पाच मिनिटांच्या त्या डॉक्टरांमुळे मला सांगावंच लागतं. आणि समोरच्याच्या आत्मविश्वासावरही जाऊ नका. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मानसोपचाराच्या क्षेत्रातल्या १२९ व्यावसायिकांना विचारलं होतं की बरोबरीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता. एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही. माझ्या बाईंनाही कदाचित मनापासून वाटत असेल की त्या मला बरं करताहेत. त्यांना तसं वाटून मला काय उपयोग? त्यांनी माझा आजार एकदाही मोजला नाही. मोजला असता तर आठव्या आठवड्यातच त्यांना आणि मला दोघींना दिसलं असतं की आकडा वर चाललाय.

तो अभिप्राय मी काढून टाकला. त्या गटातून त्यांनी मला त्याच दिवशी काढलं, त्यामुळे कुणाचे नंबर माझ्याकडे राहिले नाहीत. पण त्या गटात एकदा रात्री दोन वाजता कुणीतरी लिहिलं होतं, 'माझ्याही मनात बाळाबद्दल तेच येतं', आणि बाईंनी खाली उत्तर दिलं होतं, 'दडपलेला राग, बोलू या'. तू हे वाचत असशील तर उद्याच एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि 'वाईट विचार येतात' एवढ्यावर थांबू नकोस. कसला विचार येतो तो पूर्ण शब्दांत सांग, कागदावर लिहून ने हवं तर. हा ओसीडी आहे का, एवढं विचार. असेल तर एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन येणारी व्यक्ती कोण, ते विचार. गोळ्या चालू असतील तर स्वतःहून सोडू नकोस. त्या रात्री तुला उत्तर द्यायला मी टाइप केलं होतं आणि पुसून टाकलं होतं, कारण तेव्हा माझ्याकडेही तेच एक उत्तर होतं.