दिवसा भक्कम, रात्री कच्चं: वर्धा जिल्ह्यातल्या एका निवासगृहाची पारख

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यालगतचं हे निवासगृह प्रौढ बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे. 12 जण राहतात, 8 पुरुष आणि 4 बाया. नाव देत नाही, कारण बारा जणांच्या घराचं नाव घेतलं की कोणाबद्दल लिहिलंय हे पंचक्रोशीत लगेच कळतं. अठराच्या आत निदान शाळा-वसतिगृहं तरी असतात. पुढे काय, हा प्रश्न अचलपूरजवळच्या वझ्झरहून, अनाथ दिव्यांगांचा सांभाळ करणाऱ्या शंकरबाबा पापळकरांनी वर्षानुवर्षं लावून धरला. त्यांना 2024 साली पद्मश्री मिळाली, पण आईबाप थकले की घरोघरी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्यामुळे कुठं जागा निघाली म्हटलं की नातेवाईक रंगरंगोटी आणि देवघर पाहूनच होकार देऊन मोकळे होतात.

पारख संडास-बाथरूमपासून सुरू करावी, तीही सकाळी साडेदहाच्या सुमारास, आंघोळी उरकल्यावर. इथं फरशी पुसलेली होती, कमोडशेजारी धरायला दांडा होता, आतली कडी बाहेरून चमच्यानं उघडता येईल अशी होती. म्हणजे आडोसाही राहतो आणि आत कोणी पडलं तर दारही फोडावं लागत नाही. बारा ब्रश, बाराही नावांच्या पट्ट्या लावलेले. ब्रशांना हात लावून पाहावा. सकाळी साडेदहाला केस कोरडे ठणठणीत असतील तर ते ब्रश पाहुण्यांसाठी टांगलेले आहेत असं समजा. इथले ओले होते. गरम पाणी बादलीत रॉड टाकून होत नाही, बंब आहे. शॉकचा आणि भाजण्याचा धोका त्यानं बराच कमी झाला.

दिवसाच्या मावश्या या घराची खरी जमेची बाजू. चाळिशीतल्या माणसाला कोणी 'ए पोट्ट्या' म्हणत नाही. "आंग धुतलं काय भाऊ? पाणी थंडं होऊन राह्यलं नं," एवढं म्हणून मावशी दारात थांबते आणि तो उठेपर्यंत वाट पाहते. दंड धरून ओढत नेणं कुठं दिसलं नाही. कोणाला कोरडी भाकर अडकते हे त्यांना तोंडपाठ आहे. तिघांना भाकर वरणात कुस्करून देतात, सरळ बसवूनच भरवतात आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देत नाहीत. ठसका लागून अन्न श्वासनळीत जाणं हे अशा घरांतल्या न्यूमोनियाचं मोठं कारण असतं. ते टाळायला औषध लागत नाही, सवड लागते.

आता औषधं. इथं घराचा पाय घसरतो.

औषधांचा तक्ता भिंतीवर आहे, रकाने आखीव, सह्या पूर्ण. मात्र दुपारी चार वाजता रात्री आठच्या रकान्यातही सही झालेली होती. दिवसपाळीची मावशी घरी जाण्याआधी सह्या आटोपून जाते आणि गोळ्या रात्रीचा माणूस देतो, किंवा देत नाही. ते कळायला गोळ्या मोजाव्या लागतात. एकाच्या मिरगीच्या झटक्यांच्या औषधाच्या 1 तारखेला 60 गोळ्या आल्या, दिवसाला 2. 16 तारखेला रात्रीच्या डोसाआधी 29 उरायला हव्यात. डबीत 34 होत्या. तक्ता भरलेला, डोस पाच चुकलेले. झटक्यांच्या औषधाचे डोस असे मधूनमधून चुकले की झटका येण्याची शक्यता वाढते. मग नातेवाइकांना फोन जातो, "औषध लागू पडत नाही, डॉक्टर बदला." डोस वाढतो, माणूस दिवसभर पेंगतो, आणि मूळ कारण डबीतच राहतं. शिवाय गोळ्या पत्त्यातून (स्ट्रिपमधून) काढून साध्या डबीत ठेवल्यानं नाव, ताकद, मुदत सगळंच गेलं. उपाय साधा आहे: गोळ्या मूळ पत्त्यातच ठेवायच्या, देणाऱ्यानंच दिल्यावर सही करायची आणि दर रविवारी दुसऱ्या कोणी मोजून आकडा लिहायचा. ओपीडीचा वार हुकून औषध संपू नये म्हणून किमान 10 दिवसांचा साठा हाताशी हवा.

झटका आल्यावर काय करता, हे व्यवस्थापकाला विचारू नका. प्रत्येक पाळीच्या माणसाला वेगवेगळं विचारा. दिवसाच्या मावशीचं उत्तर बिनचूक: कुशीवर वळवते, डोक्याखाली दुपट्टा घालते, घड्याळ पाहते, तोंडात काही घालत नाही, पाच मिनिटांवर गेलं तर 108. रात्रीचा माणूस म्हणाला, "कांदा फोडून हुंगवतो." कांद्यानं किंवा चपलेनं झटका थांबत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला जातं. तेवढ्यात वेळ मोजायची राहते.

रात्री दोन्ही बाजूंना मिळून हा एकच माणूस आहे. पुरुष आहे आणि बायांची खोलीही त्याच्याकडेच. हा या घराचा सर्वांत गंभीर दोष, त्याला सबब नाही. व्यवस्थापनाचं म्हणणं, रात्रपाळीला बाई मिळत नाही, आणि दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली की दिवसाच्याही मावश्या शेतात जातात, तिथं किलोमागे रोख पैसे मिळतात. ते खोटं नाही. पण वेचणी दरवर्षी येते. त्या दोन महिन्यांसाठी जादा पगार आधीच धरून ठेवता येतो. घर पाहायला जायचं तर वेचणीच्या दिवसांतच जावं. जूनमध्ये पेरणीच्या गडबडीतही जावं.

पुरुषांच्या खोलीला रात्री बाहेरून कडी लागते, "पळून जातात म्हणून." तामिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट 2001 मध्ये साखळीनं बांधलेले 28 जण आगीत गेले. बाहेरची कडी त्याच जातीची. दाराला उघडताच वाजणारी चुंबकाची घंटी काही शे रुपयांत मिळते, कुंपणाच्या फाटकाला कुलूप आणि जाग्या माणसाच्या कमरेला किल्ली, एवढ्यात काम भागतं. जागा हा शब्द महत्त्वाचा. इथला माणूस व्हरांड्यात खाट टाकून झोपतो.

वजनाची वही आहे, दर महिन्याला भरतात, पण वाचत कोणी नाही. एकाचं वजन मे महिन्यात 54 आणि जूनमध्ये 51 किलो. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन विनाकारण उतरलं की डॉक्टर गाठायचा असतो. हा माणूस फेनिटॉइन या झटक्यांच्या औषधावर आहे. त्या औषधानं हिरड्या वाढतात, त्याच्याही वाढून दाढांवर आल्या होत्या. भाकर चावताना दुखायचं, सांगता येत नव्हतं, म्हणून ताट सारायचा. वहीत शेरा होता: "जेवणाचे नखरे." शौचाची नोंद मात्र नाहीच. तीन दिवस शौचाला झालं नाही तर हालचाल करायला हवी, कारण न बोलणाऱ्या माणसाचं पोट फुगलंय हे बऱ्याचदा तो डोकं आपटायला लागल्यावरच कळतं.

उन्हाळ्याची तयारी बरी म्हणावी अशी. 45 अंशांवर पारा जाणाऱ्या भागात टिनाचं छत असतं तर आम्ही पुढं लिहिलंच नसतं. इथं स्लॅब आहे, वर चुना मारलेला, कूलर दोन्ही खोल्यांत. लाईन गेली की कूलर बंद, इन्व्हर्टरवर फक्त पंखे. माठ भरलेले असतात, पण पाणी मागेल त्याला मिळतं. मनोविकारांत दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सीफेनिडिल, क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधांनी घाम कमी येतो आणि अंग तापतं. अशांना दर तासाला पेला हातात द्यावा लागतो.

कामधंदा चांगला आहे. सकाळी दीड तास वाडीत सांभार (कोथिंबीर), पालक, वांगी, दुपारी डाळ निवडणं आणि द्रोण. मालकाच्या शेतात वेचणीला नेत नाहीत, हे शेजारच्या शेतकऱ्यांकडूनही कळलं. द्रोणांचे पैसे ज्याच्या त्याच्या पासबुकात जातात.

कागदपत्रांत 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर आहे, मुदतीतलं. कायदेशीर पालकत्व मात्र चौघांचंच झालंय. बाकीच्यांच्या घरच्यांनी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा, आणि न्यासाच्या निरामय या आरोग्य विम्यासाठीही वेगळा करावा, त्यात 1 लाखापर्यंतचा खर्च मिळतो. मुलीचं गर्भाशय काढून आणा ही अट इथं घालत नाहीत. जिथं घालतात तिथून उठून यावं. मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीवाचून वंध्यत्व आणणारी प्रक्रिया 2016 च्याच दिव्यांग हक्क कायद्यानं मना आहे.

आमचं मत: चालता-फिरता, झटके नसलेला पुरुष असेल तर आजही ठेवायला हरकत नाही, बाहेरची कडी काढून घेण्याच्या अटीवर. झटके येणाऱ्यांना आणि बायांना रात्रीची व्यवस्था बदलल्याशिवाय ठेवू नये. भेटीला कोणत्याही दिवशी, न सांगता येऊ देतात, तेव्हा रात्री नऊनंतर एक चक्कर जरूर टाका. फी महिन्याला 8,500, डायपर आणि औषधं वेगळी. दवाखान्यात भरती करावं लागलं तर 24 तासांत घरचं माणूस सोबतीला हजर हवं, ही अट कराराच्या शेवटच्या पानावर आहे. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या भावंडांनी सहीआधी गावातल्या कोणाचं तरी नाव त्यासाठी लिहून द्यावं.