दवाखान्यासाठी ब्रॉडबँड: केबलवाल्याचे फायबर, मोठ्या कंपनीचे फायबर, एअरफायबर की लीज्ड लाइन?

दवाखान्यासाठी इंटरनेट घेताना बहुतेक डॉक्टर जाहिरातीतला एमबीपीएसचा मोठा आकडा पाहतात, परंतु तो आकडा डाउनलोडचा असतो. केसपेपर, बिले, यूपीआय आणि आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खाते) क्रमांकावरची नोंदणी या कामांना दहा एमबीपीएससुद्धा पुरतात. भार पडतो तो दवाखान्यातून बाहेर पाठवायच्या माहितीचा, म्हणजे अपलोडचा. सीटी स्कॅनची एक स्लाइस (छेदचित्र) 512 बाय 512 पिक्सेलची आणि प्रत्येक पिक्सेल 2 बाइटचा धरल्यास ती सुमारे अर्धा एमबी भरते, म्हणजे 400 स्लाइसची तपासणी 200 एमबीची होते. ती बाहेरच्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवण्यास 10 एमबीपीएस अपलोडवर (एमबीपीएस हा बिटांचा हिशेब, 8 बिटांचा एक बाइट) पावणेतीन मिनिटे लागतात, तर 100 एमबीपीएसवर 16 सेकंद. त्यामुळे दर विचारण्याआधी अपलोड किती मिळेल हे विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.

स्थानिक केबलवाल्याच्या फायबरचा खरा गुण म्हणजे तो माणूस ओळखीचा असतो आणि लाइन तुटल्यावर टोल-फ्री क्रमांकाच्या रांगेत थांबावे लागत नाही. अनेक ठिकाणी तो अपलोड आणि डाउनलोड सारखेच देतो. मात्र इमारतीपर्यंत लाइन कशी आणली आहे हे जिन्याखालच्या पेटीत डोकावून पाहावे. पेटीत फक्त स्प्लिटर (एका फायबरचे अनेक फाटे करणारा भाग) असेल, तर त्याला वीज लागत नाही; तिथे प्लगला लावलेला स्विच असेल, तर जिन्याची वीज गेली की दवाखान्यातला इन्व्हर्टर चालू असूनही इंटरनेट बंद पडते. शिवाय खांबांवरून आणि झाडांमधून ओढलेली वायर पावसाळ्यात तुटते. अशा वेळी भिंतीवरच्या यंत्रावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकतो. तो दिसल्यावर राउटर बंद-चालू करत बसण्यात अर्थ नाही, थेट फोन करावा.

बीएसएनएल, जिओ किंवा एअरटेलचे फायबर घेताना घरगुती आणि व्यावसायिक योजनांतला फरक नीट वाचावा. घरगुती योजनेतले ‘अमर्यादित’ तितके अमर्याद नसते. जिओफायबरच्या बहुतेक योजनांवर महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असते. ओपीडीपुरत्या वापराला ती कधीच आड येणार नाही. सीसीटीव्हीचे चित्रण क्लाउडवर ठेवणार असाल, तर मात्र 2 एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी पाठवतो, म्हणजे असे पाच कॅमेरे महिन्याला 3,240 जीबी खातात आणि बाकी कामांना जेमतेम 60 जीबी उरतात. स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) हवा असेल, म्हणजे दवाखान्यातल्या सर्व्हरवरच्या प्रतिमा घरून पाहायच्या असतील, तर व्यावसायिक योजनाच पाहावी. दोन्हींवर 18 टक्के जीएसटी लागतो. आरोग्यसेवा करमुक्त असल्यामुळे डॉक्टरांना त्या कराचा परतावा मिळत नाही, तेव्हा दरांची तुलना करासहितच करावी. विक्रेते सहसा करापूर्वीचाच आकडा सांगतात.

5जीवर चालणारे एअरफायबर पुण्या-मुंबईत 2023 पासून मिळते. भिंत फोडावी लागत नाही आणि गच्चीवर यंत्र बसवले की काम होते, म्हणून भाड्याच्या गाळ्यातल्या दवाखान्याला ते सोयीचे. परंतु त्याचा अपलोड डाउनलोडच्या मानाने बराच कमी असतो, आणि टॉवरवर संध्याकाळी गर्दी होते, नेमकी तीच ओपीडीची वेळ. मुख्य लाइन म्हणून ते मी सुचवणार नाही. दुसरी लाइन म्हणून ते उत्तम आहे.

लीज्ड लाइनमध्ये ठरलेला वेग दोन्ही दिशांना आणि फक्त आपल्यासाठी राखलेला असतो, आणि ती बंद पडल्यास किती वेळात सुरू होईल हे करारात लिहिलेले असते. करारातला लाइन चालू राहण्याचा 99.5 टक्क्यांचा आकडा भारदस्त वाटतो, परंतु त्याचा अर्थ महिन्याला 3.6 तास बंद राहण्याची मुभा असाही होतो. रात्रभर बाहेरून रिपोर्टिंग करून घेणारे स्कॅन सेंटर आणि मोठे रुग्णालय यांना लीज्ड लाइन परवडते. एका डॉक्टरच्या दवाखान्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

सोनोग्राफी केंद्राला पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्यानुसार मागच्या महिन्याचा अहवाल 5 तारखेपर्यंत द्यावा लागतो, तेव्हा त्या दिवसांत लाइन बंद पडून चालत नाही. नर्सिंग होममध्ये कॅशलेस दाव्यांची घाई वेगळीच असते, कारण 2024 च्या नियमांनुसार विमा कंपनीने पूर्वपरवानगी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. कागद आपल्याकडूनच उशिरा गेले, तर त्या मुदतीचा रुग्णाला काही उपयोग होत नाही. अशा ठिकाणी एका महागड्या लाइनपेक्षा वेगवेगळ्या मार्गांनी येणाऱ्या दोन साध्या लाइन बऱ्या: केबलवाल्याचे किंवा कंपनीचे फायबर, जोडीला एअरफायबर, आणि दोन्ही घेणारा ड्युअल वॅन राउटर. दोन फायबर एकाच खांबावरून येत असतील, तर दुसऱ्याचे पैसे वाया गेलेच. फक्त तपासणी आणि औषधे असलेल्या दवाखान्याला एक फायबर आणि मोबाइलचा हॉटस्पॉट पुरेसा आहे.

रुग्णांसाठी वायफाय द्यायचे असल्यास गेस्ट नेटवर्क वेगळे ठेवावे, म्हणजे प्रतीक्षाकक्षातला फोन केसपेपरच्या संगणकापर्यंत पोहोचणार नाही. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते; परंतु एक पावसाळा त्या लाइनवर काढल्याशिवाय ती घेऊ नये.